डावीकडे जाणारं हेलिकॉप्टर

तुम्ही हसाल, पण माझं रिमोटचं हेलिकॉप्टर आमच्या गच्चीवरून उडालं की डावीकडेच सरकायचं. डावीकडे प्रीतीची गच्ची. एरवी तिच्याशी बोलायची माझी हिंमत नव्हती, पण हेलिकॉप्टर मागायला तरी जाता यायचं. म्हणून मी तो बिघाड तसाच ठेवला होता.

एकदा ते तिच्या आईनं गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्यांवर पडलं. तिचे बाबा म्हणाले, "आता आलं तं वापस नाही भेटणार गा!"

घाबरून मी रिमोटवरचं दिशा जुळवायचं बटन उजवीकडे दाबत दाबत ते सरळ केलं.

आठवड्यानं प्रीतीच दारात. "काहून गा, हेलिकॉप्टर येऊन नाही राहिलं?"

"दुरुस्त केलं."

"कसं?"

मी बटन दाखवलं. तेच डावीकडे दाबून ती म्हणाली, "वड्या वाळल्या. आता येऊ दे."