नामवंतांच्या भिंतीवरचा फोटो

परभणीच्या दवाखान्यात सरजाबाई नंबर लावून बसली होती, पण कान सगळा शेजारच्या बाकावर. तिथं उद्याच्या ऑपरेशनसाठी आलेले विद्यापीठातले म्हातारे नागनाथ सर, त्यांची बायको आणि भेटायला आलेला जुना विद्यार्थी बालाजी.

"सर, नामवंत प्राध्यापकांच्या भिंतीवर तुमचा फोटो लावायचाय."

"अरे, तिथं तर सगळे वारलेलेच हायत!"

"नियमच हाय तसा, सर. तुमी आधी देऊन ठेवा."

"आन मी बरा झालो तर?"

"मग... समितीला विचारावं लागंल."

"दे गं याला फोटो."

"देते की! पण बालाजी, कोटातला एकच हाय, आमच्या लग्नातला. जोडीनंच लावायचा. मला कापायचं न्हाई."

"पण काकू, तुमी तर..."

"हां, मी जित्ती हाय. आन मला इतक्यात मरायचं न्हाई. तवर तुमच्या भिंतीला थांबायला सांग."