तंबाखूच्या डब्यातला पाला

पुरवणी जबाब. नाव व पत्ता बुधवारी दिलेल्या पहिल्या जबाबाप्रमाणे. वय ६३ वर्षे. धंदा घरकाम, पूर्वी बालवर्गाची शिक्षिका.

मी आज शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पतींचे वय ६९. ते साबणाच्या कारखान्यात सुवास विभागात होते. साबणाच्या प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी काढलेल्या मालाचा, वास घेऊन तो पुढे पाठवायचा की नाही, हे ते ठरवत. तेथे त्यांना नाकसाहेब म्हणतात. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस त्यांना बोलावणे असे. मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता ते छत्री घेऊन घरातून गेले, ते अद्याप परतलेले नाहीत.

"घरात काही वाद, कुरबुर?" या प्रश्नावर मी बुधवारी "काही नाही" असे सांगितले होते. वाद झाला नव्हता हे खरे आहे. पण तेवढे सांगून भागणार नव्हते.

माझे पती पाइप ओढतात. तयार तंबाखू विकत घेत नाहीत. तीन प्रकारची पाने आणून स्वतः कातरतात व मिसळतात. त्या तंबाखूला वास लावण्याचे काम लग्नापासून माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कोमट पाण्यात मध विरघळवून, दोन चमचे रम घालून ते पाणी तंबाखूवर शिंपडते. व्हॅनिलाची एक शेंग चिरून मध्ये ठेवते. थंडीत संत्र्याची वाळलेली साल, क्वचित लवंग. मग डब्यात दाबून, वर जुनी इस्त्री ठेवून आठवडाभर मुरू देते. काय घातले ते मी सांगत नसे. ते डबा उघडून, डोळे मिटून ओळखत. एकदा म्हणाले, "अगं, मधाचं दुकान बदललंस वाटतं." मी म्हणाले, "उगाच नाकाने कांदे सोलू नका." ते म्हणाले, "त्याचाच तर पगार मिळतो."

हे लिहिणे आवश्यक आहे का, असे अंमलदारांनी विचारले. आवश्यक आहे असे मी सांगितले. सदतीस वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पाहून पाइप बंद करण्यास सांगितले. दवाखान्याच्या जिन्यात हे म्हणाले, "त्याच्या नाकात केसांचं जंगल. त्याला काय कळतंय?" मी हसले. समजावले नाही.

नोव्हेंबरपासून मी तंबाखूत तुतीचा वाळवलेला पाला मिसळू लागले. कडक कोऱ्या चहात बुडवून रंगवला की तो तंबाखूसारखाच दिसतो. पहिल्या महिन्यात एक मूठ. पुढे दर महिन्याला एक मूठ वाढवली व तेवढी त्यांनी कातरलेली तंबाखू कचऱ्यात टाकली. पाल्याचा वास झाकण्यासाठी रम दुप्पट केली, शेंगा दोन घातल्या. नकळत सवय सुटेल असे मला वाटले. मे महिन्यात डब्यात निम्म्याहून अधिक पाला होता.

जानेवारीत त्यांनी डबा उघडून विचारले, "यात काय घातलंयस?" मी म्हणाले, "नेहमीचंच." ते म्हणाले, "ओल्या पाल्याचा वास येतोय." मी म्हणाले, "नेहमीचंच आहे हो." फेब्रुवारीत पुन्हा तेच. मार्चमध्ये मी म्हणाले, "अहो, वय झालं आता. तुमच्या नाकालाच काहीतरी झालंय." हे वाक्य जसेच्या तसे लिहावे.

त्यानंतर त्यांनी विचारले नाही. सकाळी ते न्हाणीघरात साबणाची वडी नाकाशी धरून बराच वेळ उभे राहत. चहाचा डबा, माझी पावडर, काडेपेटी, सगळ्याचा वास घेऊन पाहत. मी पाहिलेच नाही असे दाखवत असे. दिवसाच्या सहा पाइपांवरून ते दोनवर आले होते. खोकला कमी झाला होता. आणखी एकच महिना, असे मी दर महिन्याला ठरवले.

काल गुरुवारी कारखान्यातल्या एक बाई घरी आल्या. वास ओळखण्याचे काम त्या माझ्या पतींच्याच हाताखाली शिकल्या. त्यांनी सांगितले की, सोमवारी एका घाण्याचा वास घेऊन नाकसाहेब म्हणाले, "तेल खवट आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "राहू द्या. माझं नाक गेलंय. घरचंसुद्धा कळत नाही मला. तुम्ही म्हणाल तसं." घाणा पुढे गेला. बुधवारी पॅकिंगवाल्यांनी तो खवट म्हणून परत पाठवला. बाई म्हणाल्या, "काकू, साहेबांचंच बरोबर होतं हो. घरचं काय कळत नव्हतं त्यांना?" मी त्यांना चहा दिला.

त्या गेल्यावर मी पाइपचा खण उघडला. पाइप व डबा तेथेच आहेत. डब्याखाली त्यांची वास टिपून ठेवायची वही होती. मार्चच्या पानावर त्यांच्या अक्षरात असे आहे: "पाला. तुतीचा? ती म्हणते नेहमीचंच. ती खोटं बोलायची नाही. म्हणजे नाक गेलं." वही सोबत जमा करीत आहे.

अंमलदार म्हणाले, "बाई, पाला घातला म्हणून कुठलं कलम लावू? यात गुन्हा नाही." मी म्हणाले, "तरी लिहून घ्या." लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला फादरांकडे पापांच्या कबुलीला पाठवत तेव्हा मला सांगण्यासारखे काही नसे. मी मनानेच एखादे पाप रचून सांगत असे. हे रचलेले नाही.

पहिल्या जबाबात ओळखीची खूण म्हणून राखाडी स्वेटर सांगितला आहे. त्याला व्हॅनिलाचा वास येईल, हे त्यात जोडावे. ते सापडल्यास, घरी चला म्हणण्याआधी त्यांना एवढे सांगावे, अशी माझी विनंती आहे: पाला होता. तुतीचाच होता. त्यांचे नाक शाबूत आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. यात मी वरून काहीही घातलेले नाही.