एका रुपयाचा तलाव

तुमच्या जीएसटीचं रडगाणं ठेवा बाजूले, पहिले माह्या तलावाचं ऐका.

अभनपूरकडच्या एका पंचायतीचे हिशेब मी लिहितो, माहीतच आहे तुमाले. यंदा ऑडिटचा नियम बदलला. आता नुसता जमाखर्च चालत नाही, गावाच्या एक-एक वस्तूची किंमत लिहा म्हणे. शाळा झाली, नाली झाली अन् तलावापाशी गाडी अडली.

सरपंच दीदीले विचारलं, "तलाव केवढ्याचा?"

"भैया, आमच्या आज्याच्या आज्यानं खोदला. बिल कोणी ठेवलं असन?"

नियमाचं पुस्तक उघडलं. जुनी किंमत माहीत नसन तर एक रुपया लिहा. मी लिहून टाकला.

"एक रुपया?" दीदी उठूनच उभी राह्यली. "सारं गाव आंघोळ करते त्यात!"

"दीदी, हे फक्त लिहायपुरतं आहे. खरी किंमत नाही."

"मंग खोटी काहून लिहून राहिले? ऑडिट खऱ्यासाठीच असते ना?"

मी पुस्तक मिटलं अन् रुपया तसाच राहू देला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीत एक म्हातारा आला. टेबलावर रुपया ठेवून म्हणे, "तलाव माह्या नावानं लिहा, पावती द्या."

"काहून बाबा?"

"एका रुपयात उद्या दुसरा कोणी घेऊन गेला तं?"

मी मान वर केली. त्याच्या मागं दारापर्यंत लाइन, हरेकाच्या मुठीत एक-एक रुपया. अन् सगळ्यात मागं दीदी, पदराची गाठ सोडत उभी.