माझ्या नावावरची मारामारी

व्हिसाला उशीर होतोय म्हणून तू कुरकुरतोस, आता माझं ऐक. कॅनडात कायम राहायला जायचं, तर माझ्यावर एकही गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला हवा होता. नोकरीचा राजीनामा मी आधीच देऊन बसलो होतो. पोलीस स्टेशनात हवालदारांनी कॉम्प्युटरमध्ये माझं नाव टाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "वाघोलीला मारामारी केली होती का?"

"अहो, मी कसबा पेठेत राहतो. इतक्या लांब वाघोलीला कशाला जाऊ?"

"मारामारीला माणूस कुठेही जातो. उद्या या, फाइल मागवतो."

मी तसाच घरी आलो. आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर, मी खरंच मारामारी केली का, हे तिने विचारलंच नाही. "म्हणजे जाणं रद्द का?" एवढंच म्हणाली आणि उठून शिरा करायला घेतला. मी घरभर येरझाऱ्या घालत होतो आणि ती मला बसून खायचा आग्रह करत होती.

दुसऱ्या दिवशी फाइल आली. नाव माझंच, आडनावही माझंच, पण वडिलांचं नाव वेगळं होतं. "सुटलात," हवालदार म्हणाले. मी तिथूनच आईला फोन लावला.

"आई, तो दुसराच कुणीतरी निघाला. मला दाखला मिळतोय."

ती म्हणाली, "त्याच्या आईचं बरं आहे. तिचा मुलगा इथेच राहील."