वरण हिरवे दिसल्याबाबत

मी, चारुदत्त दिनकर आगटे, वय ५४ वर्षे, धंदा बँकेत नोकरी, मूळ राहणार सातारा, हल्ली राहणार तिसरा मजला, बेहाला, कोलकाता, आज दि. ११ मार्च २०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की, दि. ९ फेब्रुवारी ते ६ मार्च या कालावधीत माझ्या ताटातील वरण रोज हिरवे दिसत होते आणि या बाबीची दखल कोणीही घेतली नाही.

हा माझा पुरवणी जबाब आहे. पहिला जबाब काल बंगालीत नोंदवला गेला आणि त्यातल्या एका शब्दाने घोटाळा झाला. उपनिरीक्षक तापसी हालदार यांनी, "दादा, आता तुमच्याच भाषेत लिहा, बंगालीचे आणखी हाल नकोत," असे सुचवल्यावरून हा जबाब मराठीत देत आहे. माझी पत्नी मंजुषा तो त्यांना बंगालीत समजावून सांगणार आहे. ती जन्माने कोलकात्याची आहे व ही गोष्ट ती मला विसरू देत नाही.

हकीकत अशी की, माझ्या जेवणाच्या खोलीची खिडकी व शेजारच्या फ्लॅटमधील श्री. निर्माल्य बागची यांच्या बैठकीची खिडकी समोरासमोर असून मध्ये चार फुटांचा डक्ट आहे. श्री. बागची हे ६९ वर्षांचे निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारल्या, मुलगी कोलकात्यातच सॉल्ट लेकला असते. मी त्यांना बागचीदा म्हणतो. ते मला आगोटेबाबू म्हणतात. चार वर्षांत मी दुरुस्ती सुचवलेली नाही.

त्यांच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. तीत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे आहेत. मासा म्हटले की आमच्या गल्लीत लोक आधी वजन विचारतात. तिथे नुसते बघण्यासाठी मासे पाळणारा हा एकच गृहस्थ माझ्या माहितीत आहे.

पांढऱ्या ट्यूबखाली प्रवाळ तपकिरी पडू लागले म्हणून दि. ९ फेब्रुवारी, रविवार रोजी श्री. बागची यांनी गालिफ स्ट्रीटच्या पाळीव पक्षी-माशांच्या बाजारातून निळी एलईडी पट्टी आणून टाकीवर बसवली. प्रवाळांना समुद्राच्या पोटातला उजेड लागतो, असे त्यांनी मला डक्टपलीकडून समजावले. पहिल्या आठवड्यात सात ते नऊ, मग दर आठवड्याला एकेक तास वाढवायचा. एकदम जास्त उजेड दिला तर प्रवाळ पांढरे पडतात. याची नोंद ते शाळेच्या वहीत ठेवत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा प्रवाळ हिरवे चमकले. पावणेनऊ वाजता आम्ही जेवायला बसलो तेव्हा वरणही चमकले.

हळद निळ्या उजेडात हिरवी चमकते. मी बँकेत असल्याने मला हे आधी माहीत असण्याचे कारण नव्हते. आम्ही कोपऱ्यातल्या छोट्या दिव्यावर जेवतो. ट्यूब लावली की वरण पूर्ववत पिवळे होते, हे पत्नीने लावून दाखवले. प्रश्न तत्त्वाचा असल्याने मी ती बंद करायला लावली.

दुसऱ्याच दिवशी श्री. बागची यांनी खिडकीतून विचारले की, आगोटेबाबू, तुमच्या वाटीत आहे तरी काय, माझ्या प्रवाळांपेक्षा छान चमकते आहे. मी वरण असे सांगितले. त्यांनी चव घ्यायची इच्छा व्यक्त केली. मी, नक्की, एक दिवस, असे म्हणालो. संक्रांतीला त्यांनी पायेश म्हणजे खीर दिली होती, ती काशाची वाटी तेव्हापासून आमच्याकडेच होती. आलेली वाटी रिकामी परत करण्याची आमच्यात पद्धत नाही. तेव्हा तीतून वरण द्यावे असे ठरले. ठरून एक महिना झाला.

या महिन्यात मी सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यायच्या अर्जाचे तीन मसुदे केले. तिसऱ्यात "अन्नाच्या नैसर्गिक रंगाचा हक्क" असा शब्दप्रयोग होता. पत्नीने तो वाचून, "आणि हे सगळं त्या म्हाताऱ्याला खिडकीतून सांगायला किती वेळ लागला असता?" असे विचारले. अर्ज दिला नाही. श्री. बागची यांनाही काही सांगितले नाही.

दि. ७ मार्च, शुक्रवारी श्री. बागची दोन दिवसांसाठी मुलीकडे गेले. जाताना माशांना खाणे घालण्यासाठी चावी माझ्याकडे दिली. मी त्याच संध्याकाळी गेलो व चिमूटभर खाणे घातले. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात सूर्योदय दाखवण्यासाठी आणलेला पिवळा जिलेटिन कागद माझ्याकडे शिल्लक होता. तो मी निळ्या पट्टीवर चिकटपट्टीने लावला. श्री. बागची परत आले की समुद्रात सूर्य उगवलेला बघून हसतील आणि त्या ओघात वरणाचा विषय काढता येईल, एवढाच हेतू होता. निळ्यावर पिवळे लावले की हिरवे होते, असे चित्रकलेच्या तासाला शिकवले होते. दिव्यावर लावले तर अंधार होतो, हे कोणी शिकवले नव्हते. सूर्योदय झाला नाही. मात्र त्या दिवशी वरण पिवळे दिसले, म्हणून मी कागद तसाच राहू दिला.

शनिवारी खाणे घालताना प्रवाळ मिटलेले आढळले. त्यांचाही वीकेंड असेल असे मला वाटले. रविवारी सकाळी कागद काढायचा होता. मी विसरलो.

श्री. बागची रविवारी दुपारी परतले आणि थेट ठाण्यात येऊन अज्ञात इसमाने घरात शिरून टाकीशी छेडछाड केल्याची तक्रार दिली. तक्रारीतील एक वाक्य काल मला वाचून दाखवण्यात आले. ते असे: चावी आगोटेबाबूंकडे होती, म्हणून त्यांच्यावर माझा संशय नाही. ऐकण्यात काही चूक झाली असेल म्हणून मी ते पुन्हा वाचायला लावले. चूक नव्हती.

काल दि. १० रोजी श्रीमती हालदार चौकशीस आल्या. श्री. बागची यांच्याच बैठकीत, त्यांच्या समक्ष, मी कबुली दिली. मी म्हणालो, "आमि शुधु एकटु चेष्टा कोरेछिलाम." म्हणजे, मी फक्त थोडी चेष्टा केली होती. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला चार वर्षांत कळले नव्हते. बँकेत हाताखालची मंडळी काम वेळेत संपवण्याबद्दल "चेष्टा कोरबो" असे म्हणत, तेव्हा ती थट्टा करतात असेच मी समजत आलो आणि बहुतेक वेळा तसेच निघाले.

श्रीमती हालदार यांनी कसली चेष्टा असे विचारले. मी बागचीदांची असे सांगितले. त्यांनी लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले आणि ती पूर्ण झाली का, असे विचारले. ती रविवारी पूर्ण व्हायची होती, असे मी सांगितले. हे सर्व कालच्या जबाबात आहे.

त्यानंतर मी कागद का लावला तेही सांगितले. माझ्या बंगालीत जेवढे सांगता आले तेवढे श्री. बागची यांनी ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "मला नुसतं सांगितलं असतंत, तर मी पडदा ओढून घेतला असता." समोर लोक जेवत असताना खिडकी रोज सताड उघडी का ठेवता, असे श्रीमती हालदार यांनी त्यांना विचारले. ते म्हणाले, "ते जेवायला बसले की मी पण बसतो."

एवढे बोलून त्यांनी पडदा ओढला. तो अजून तसाच आहे. काल वरण पिवळे होते. मी एकच वाढणी घेतली.

आज ठाण्यात पत्नीने शब्दाचा घोटाळा उलगडून सांगितला. "याची चेष्टा दोन्ही भाषांत फसली," असे ती म्हणाली. श्रीमती हालदार यांनी तोंडावर फाईल धरली. बाकावर बसलेले श्री. बागची हसले नाहीत. त्यांनी मला विचारले, "म्हणजे तुम्ही माझ्या प्रवाळांना मारायला बघत नव्हतात?"

"नाही, बागचीदा. मला वरण पिवळं हवं होतं."

श्री. बागची यांनी श्रीमती हालदार यांना सांगितले की आज सकाळी दोन प्रवाळ उघडले, बाकीचेही उघडतील, तक्रार पुढे चालवायची नाही. हे त्यांनी मला सांगितले नाही. पण मला ऐकू येईल इतपत मोठ्याने सांगितले.

माझी विनंती अशी की, कालच्या जबाबात जिथे जिथे चेष्टा हा शब्द आहे तिथे थट्टा असे वाचावे, आणि ती वाईट होती असेही लिहून ठेवावे. निळ्या दिव्याबाबत माझी आता कोणतीही हरकत नाही. तो वहीत लिहिल्याप्रमाणे वाढवण्यात यावा. पडद्याबाबत मला विनंती करण्याचा अधिकार नाही.

माझ्या पिशवीत काय आहे असे श्रीमती हालदार यांनी विचारल्यावरून मी पिशवी उघडून दाखवली. तीत काशाची वाटी होती, वर ताटली, फडक्याने बांधलेली. वाटीत वरण आहे असे मी सांगितले. त्यांनी तसे लिहून घेतले.

हा जबाब मी स्वतः वाचून पाहिला. पत्नीने तो श्रीमती हालदार यांना व श्री. बागची यांना बंगालीत वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम असून त्यात कोणाच्या दबावाखाली काही लिहिलेले नाही. मी सही करत असताना श्री. बागची यांनी मला आज जेवायला किती वाजता बसणार असे विचारले. ते त्यांना माहीत आहे. मी पावणेनऊ असे सांगितले आणि वाटी त्यांच्या हातात दिली.