जंतूच्या अंगावरची साखर

जळगावच्या एका लॅबमध्ये रांगेत माझ्यापुढे असोद्याच्या कुंदाबाई होत्या. त्यांचे यजमान निंबाभाऊ बाकावर शाल पांघरून बसले होते. रक्त घेणाऱ्या मुलीचं नाव सबा.

“बठ्ठे रिपोर्ट बघ, पोरी, एकूण एक. तीन महिन्यांत तीनदा टायफॉइड निघाला यांना.”

“अक्का, त्या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. आपलं शरीर त्या ओळखून ठेवतं. या रिपोर्टांतली तपासणी तेवढी ओळखच बघते. जंतू गेला तरी ओळख महिनोन्‌महिने राहते.”

“इथे सख्खे दीर ओळख ठेवत नाहीत, अन् अंग जंतूची ठेवतं! मग आता ताप कशाचा?”

“तेच बघायला डॉक्टरांनी कल्चर लिहिलंय. रक्तात जिवंत जंतू असला तर तो आम्ही इथे वाढवतो. आज अँटिबायोटिक दिलं नाही ना?”

“नाही. सकाळी एक गोळी दिली फक्त.”

“कोणती?”

“मागची उरलेली. टायफॉइडचीच.”

“अक्का, मग जंतू असला तरी वाढायचा नाही. डॉक्टरांना विचारते, पण बहुतेक पुन्हा यावं लागेल. गोळी न घेता.”

बाकावरून निंबाभाऊ म्हणाले, “गोळी घेतली, जरा तरतरी आली, म्हणून तर इथवर आलो, ताई.”