हवालदारांच्या जुन्या फांद्या

दवाखान्यात शिरताच दाराशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हात करून शिवणक्लास घेणाऱ्या एका बाईंना डावीकडच्या बाकावर वळवलं. तिथे त्या गृहस्थांची बायको आणि भाची कुजबुजत होत्या.

"निवृत्त होऊन वर्ष झालं, पण तुझ्या मामांच्या अंगातला वाहतूक हवालदार काही जात नाही बघ. काल कढईत फोडणी टाकून मी मीठ आणायला वळले, तर ह्यांनी हात आडवा घातला. आधी मांजराला जाऊ दिलं."

"मग?"

"मग काय, फोडणी जळली! तू प्रयोगशाळेत माश्यांचे मेंदू बघतेस ना? काहीतरी सांग बाई. आज औषध घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

"मामी, अळीची माशी होताना अंगात एक रस सुटतो. त्याने काही जनुकं जागी होतात आणि मेंदूतल्या पेशींना जुन्या फांद्या छाटायला लावतात."

"आणि जनुक झोपूनच राहिलं तर?"

"पंख फुटतात, पण आत फांद्या अळीच्याच."

"अगं, हेच ते! छाटायचं औषध मागू या."

"नुसतं छाटून भागत नाही, मामी. तिथे नव्या फांद्या फुटतात."

"कसल्या?"

"पुढच्या जगण्याला लागतील तशा. मामा आता घरीच असतात, तेव्हा स्वयंपाकात लक्ष घालतील, डबे लावतील, भाजी कशी चिरायची ते सांगतील..."

बाई ऐकायला आणखी जवळ सरकल्या, तोवर मामी पिशवी घेऊन उठल्यासुद्धा.

"अहो, चला घरी! ठणठणीत आहात तुम्ही."